राजगड ते तोरणा एकट्याने : अर्धाच झाला, आणि पाठीमागून आलेला वळीव

ढोरवाट_७
शनिवारी (मेचा शेवटचा) एकट्याने राजगड-तोरणा करायला गेलो होतो. गुंजवण्यातून चढायचं, संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून उतरायचं, धारेने चालत तोरण्याची बुधला माची गाठायची आणि वेल्ह्यात उतरायचं, सगळं एका दिवसात. तोरणा झाला नाही हे आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाचून कोणी शिव्या घालायला नको :)

ही रेंज मी आधी दोनदा केलीय पण ग्रुपबरोबर आणि डिसेंबरात. तेव्हा वाट म्हणजे पुढच्याची सॅक बघत चालायचं एवढंच. यावेळी बरोबर येणारे दोघं शुक्रवारी दुपारी गळाले (एकाचं ऑफिस, एकाची सासुरवाडी), आणि माझी सॅक भरून झाली होती. बायकोला सांगितलं, चारपर्यंत वेल्ह्यातून फोन करतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

रात्री गुंजवण्यात एका ओळखीच्या घराच्या ओसरीवर झोपलो, झोपलो म्हणजे पडलो, कारण उकाडा असा की पान हलत नव्हतं. पहाटे सव्वाचारला हेडटॉर्च लावून निघालो. चोर दरवाज्याची वाट अंधारात एकट्याने करायला मजा येते, रेलिंगचा गारवा हाताला लागतो तेवढीच काय ती थंडी. सव्वासहाला पद्मावती माचीवर. तळ्यावर एक-दोन टिटव्या आणि मी. बालेकिल्ला सोडून दिला, वेळ वाचवायचा म्हणून. आणि मग तोच वेळ संजीवनी माचीवर उधळला.

कारण काय, तर कोकणाकडून ढग आत येत होते. पावसाचे नाही, सकाळचे ते पांढरे, दमट, दूधासारखे. ही माची अडीचेक किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, आणि ती चिलखती तटबंदी, म्हणजे तटाच्या आत तट आणि मधे माणूस चालेल एवढी घळ. त्या घळीतून ढग वाहत होता. वर ऊन, बाहेर ऊन, आणि मधल्या बोळातून पांढरा ओहोळ चाललाय. मी तिथे पाऊण तास बसलो. फोटोत काही आलं नाही, फोटोत नुसती पांढरी भिंत दिसते.

अळू दरवाज्यातून खाली उतरायला साडेआठ झाले. उतार मुरमाड आहे, घसारा आहे, ते माहीत होतं. खाली कारवीत दोन वाटा फुटतात त्यातली जास्त मळलेली धरली आणि ती निघाली ढोरवाट (माझा आयडी बघून हसू नका). वीस मिनिटं उतरल्यावर वाट एका कोरड्या डबक्यापाशी संपली, शेणाच्या पो शिवाय काही नाही. परत वर. एकटं असलं की चुकलोय हे कबूल करायला वेळ लागतो, कारण विचारायला कोणी नसतं आणि हसायलाही. इथे एक तास गेला.

दहा वाजता ऊन असं तापलं की दगडावर हात ठेववेना. धारेवर सावली नाही, पाणी नाही. चार लिटर घेतलं होतं त्यातलं दोन डांबरी रस्त्यापर्यंत संपलं. ज्यांनी ही वाट केली नाही त्यांच्यासाठी, दोन गडांच्या मधे खिंडीत वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता आडवा येतो. तिथे मी सव्वाबाराला. ठरवलेलं साडेदहाला.

आता इथे शहाण्या माणसाने काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. वळवाचे दिवस, दुपारी गडगडणार, एकच्या आत धार सोडायची. घरून निघताना हे मीच मला सांगितलं होतं. पण मी रस्त्याकडेला बसून थालीपीठ खाल्लं, तोरण्याकडे बघितलं, पश्चिमेला आभाळ निळंशार, कोकणाकडे एक ढग नाही. म्हटलं चला.

चढ चढून वरच्या सपाटीवर धनगराचं घर लागतं. आजी दारात बसल्या होत्या, एकच्या सुमारास. म्हणाल्या, "एकलाच? चा घे नि बस वाईच." मी म्हटलं आजी उशीर झालाय, येताना कधीतरी. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाल्या, "मग जा बाबा." मी मागे वळून बघितलं का? नाही.

पुढे अर्धापाऊण तास चाललो असेन. वारा एकदम बंद. इतका बंद की माशा घामावर येऊन बसायला लागल्या. गवत वाळलेलं पिवळं, आणि ते पिवळं अचानक जास्तच पिवळं दिसायला लागलं, फोटोला फिल्टर लावल्यासारखं. मला वाटलं डोळ्यात घाम गेलाय. मग माझी सावली गेली. तेव्हा वळलो.

मागे राजगड नव्हता. म्हणजे अख्खा राजगड, बालेकिल्ल्यासकट, नव्हता. तिथे शाई ओतलेली होती आणि तिच्या पोटात वीज वाकडीतिकडी पळत होती. सकाळपासून मी पश्चिमेकडे तोंड करून चालत होतो आणि हे पूर्वेकडून आलं.

पहिल्या विजेनंतर मोजलं, पंधरा सेकंद. म्हणजे पाचेक किलोमीटर. दुसरीला नऊ. पुढे बुधल्याखालचा कातळटप्पा, तिथे धरायला लोखंड, आणि त्याच्या वर उघडी माची. मागे धनगराचं घर, पण ते वादळाच्या दिशेने. निवारा पाहिजे तर त्याच्या तोंडातच चालत जायचं होतं. तिसरीला चार सेकंद. मी धार सोडून उत्तरेच्या अंगाला वीसेक फूट खाली उतरलो, काठी दूर फेकली, सॅकवर उकिडवा बसलो, पाय जुळवून, डोकं गुडघ्यात. पाऊस आला तो थेंबांनी नाही आला, सरळ बादली. मग गारा, वाटाण्याएवढ्या, कानावर लागल्या की डोळ्यात पाणी येईल अशा. किती वेळ बसलो सांगता येत नाही, घड्याळ बघायला हात काढायची इच्छा नव्हती. मला वाटतं पंचवीस मिनिटं.

गडगडाट जरा उत्तरेला सरकला तेव्हा उठलो आणि घराकडे निघालो. खरंतर अजून थांबायला हवं होतं, पण कुडकुडी भरली होती. कॉटनचा टीशर्ट (हो, माहितीये). दोन तासांपूर्वी उन्हाने जीव चालला होता आणि आता दात वाजत होते. मुरमाच्या वाटेचा ओहोळ झालेला, लाल पाणी बुटात. घरी पोचलो तेव्हा सॅकच्या छातीवरचं बक्कल मला सोडवता येईना. बोटं दिसत होती पण माझी वाटत नव्हती. आजींनी ते एका हाताने सोडवलं. काही बोलल्या नाहीत. आत चूल, धूर, चार-पाच करडं. एक घोंगडी अंगावर टाकली आणि गुळाचा कोरा चहा दिला, तो किती प्यालो मोजला नाही. एक करडू माझा ओला मोजा चघळत होतं आणि तो ओढून घ्यायची ताकद मला नव्हती, अर्धा मोजा त्याच्याच पोटात गेला असेल.

आभाळ पावणेचारला उघडलं. आणि काय उघडलं! बुधला धुतल्यासारखा समोर, उन्हात चकाकत, अगदी हाताच्या अंतरावर. एक क्षण वाटलं, दीड तासात वर जाऊ. आजींनी वर बघितलं आणि फक्त "कातळ वला हाय" म्हणाल्या. मी खाली उतरलो. रस्त्यावर वाफा निघत होत्या. एका दुधाच्या टेंपोने वेल्ह्यात सोडलं. सव्वापाचला रेंज आली, बायकोचे सतरा मिस्ड कॉल.

लिहायचं कारण, पुढच्या वेळी काय वेगळं करू हे जाणकारांनी सांगावं. बाकी शिव्या घातल्या तरी चालतील.

मनस्वी_पुणे
बापरे, "माझी सावली गेली" ला काटा आला. मी पण एकटी फिरते पण उघड्या धारेवर कधी नाही गेले. बायको काय म्हणाली ते लिहा की!

ढोरवाट_७
@मनस्वी, फोनवर काहीच नाही म्हणाली. घरी आल्यावर ओला टीशर्ट चिमटीत धरून "हा कॉटनचा ना?" एवढंच.

कातळवेडा
एक नंबर लिहिलंय. पण एक सांगतो, राग मानू नका, तुम्ही चुकलात ते धारेवर नाही, संजीवनीवर. पाऊण तास तिथे आणि एक तास चुकलेल्या वाटेत. या रेंजला मे महिन्यात निघायचं तर खिंडीतल्या रस्त्यावर दहा म्हणजे दहा, नाहीतर गाडी बोलवायची आणि घरी. आम्ही ग्रुप नेतो तेव्हा हे आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर बोलून ठेवतो, कारण खिंडीत पोचल्यावर प्रत्येकाला तोरणा जवळच वाटतो. एकट्याने बोलून ठेवायचं कोणासमोर हा प्रश्न आहेच.

नियमावली
एकट्याने जाऊच नये. साधी गोष्ट आहे. पाय मुरगळला असता तर? बचावाला येणारी पोरं स्वतःची नोकरी-धंदा सोडून, पैसे न घेता, रात्री-अपरात्री दोर घेऊन चढतात. तुमची हौस आणि त्यांचा जीव. वर असले धागे वाचून अजून चार जण जाणार.

रानपाखरू
@नियमावली, ग्रुपने गेलं की पाय मुरगळत नाही का? चाळीस-चाळीस जणांच्या बॅचेस नेतात, एक लीडर पुढे, एक मागे, मधल्या अडतीस जणांना गडाचं नाव सोडून काही माहीत नसतं. मी बाई आहे, अकरा वर्षं एकटी फिरतेय. एकटं जाणारा निदान घाबरून असतो.

नियमावली
घाबरून असतात म्हणे. वरचा लेख परत वाचा, पूर्ण काळं होईपर्यंत साहेबांनी मागे वळून बघितलं नाही.

ढोरवाट_७
हे मात्र बरोबर बोललात, याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्रुपमधे कोणीतरी लघवीला थांबतो, कोणी फोटोला, कोणाचा बूट सुटतो, आणि त्यातल्या एकाला तरी मागचं आभाळ दिसतंच. एकट्याने मी ते कोणावर सोपवणार होतो?

वेल्हेकर
मी मार्गासनीचा, सध्या पुण्यात. वाचून हसू पण आलं न वाईट पण वाटलं. दादा आमच्याकडं वळवाच्या दिवसात कोणी कोकणाकडं बघतच नाही. वळीव येतो उगवतीकडनं. आमची म्हातारी माणसं दुपारी पुरंदराकडं बघतात, पुरंदर काळा झाला की वाळवण आत, गुरं आत. कोकणाकडं बघायचं ते मिरगानंतर, तेव्हा पाऊस तिकडनं चढतो. तुम्ही राजगडाकडनं तोरण्याला चाललेला म्हणजे वळवाला पाठ करूनच चालणार. हीच वाट उलटी, तोरण्याकडनं राजगडाला केली असती तर सगळं तोंडासमोर दिसलं असतं. आजीनं तुमच्या खांद्यावरनं बघितलं ते काय उगं नाही.

ढोरवाट_७
वेल्हेकर, हे माहीत असतं तर! उलट्या दिशेने करायचा विचार डोक्यातच आला नाही कधी, सगळे राजगड-तोरणा म्हणतात म्हणून राजगड-तोरणा.

सातारी_कंदी
+१ पुरंदरला. आमच्याकडे पण वळीव असाच येतो, सकाळचं कोवळं ऊन बघून फसायचं नाही. जितकी सकाळ तापते तितका दुपारी ढग उंच चढतो, तापलेली दमट हवा वर उसळते न तिचाच तो मनोरा होतो. वारा पडला, घाम सुकेना झाला, की तासाभरात खेळ सुरू. तुम्ही सगळ्या खुणा लिहिल्यात, फक्त नंतर लिहिल्यात.

ओपीडी_बंद
डॉक्टर या नात्याने दोन गोष्टी. बक्कल सोडवता न येणं ही थट्टेची गोष्ट नाही. शरीर थंड पडायला लागलं की आधी बोटांची बारीक कामं जातात, मग बोलणं अडखळतं, मग माणूस चुकीचे निर्णय घेतो आणि त्याला ते चुकीचे वाटत नाहीत. यासाठी बर्फ लागत नाही, वीस अंश तापमान, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. कुडकुडी चालू आहे तोपर्यंत बरं, अंग ओलं-गार असताना कुडकुडी आपोआप थांबली तर घाबरायचं. आजींनी जे केलं ते पुस्तकात लिहिल्यासारखं आहे, आडोसा, कोरडं पांघरूण, गरम गोड चहा. फक्त ओला टीशर्ट काढून मग घोंगडी घ्यायची. काढला होता ना?

ढोरवाट_७
काढला होता. म्हणजे आजींनी काढायला लावला, "त्यो वला कपडा काड आधी, लाजतूस काय".

ओपीडी_बंद
आजींना माझ्या ओपीडीत बसवा.

कातळवेडा
विजेबद्दल थोडं, कारण नवीन लोक वाचत असतील. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून वीज दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद भागिले तीन, तेवढे किलोमीटर. पण एक लक्षात घ्या, गडगडाट कानावर येतोय म्हणजेच तुम्ही टप्प्यात आहात, पंधरा सेकंद म्हणून निवांत चालत राहायचं नसतं. धारेवरून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली नाही, गुहेच्या तोंडाशी किंवा कड्याला टेकून नाही, रेलिंग-शिडीपासून लांब. ते उकिडवं बसणं हा अगदीच नाइलाजाचा उपाय आहे, त्याने माणूस सुरक्षित होत नाही, धोका जरासा कमी होतो इतकंच. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. तुम्ही हललात, पण थंडी बघता मीही कदाचित हललो असतो. धागाकर्त्याने पुढचा कातळटप्पा गाठायची घाई केली नाही हे सगळ्यात महत्त्वाचं.

आयटी_हमाल
दामिनी ॲप नव्हतं का मोबाईलमधे? आपल्या पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय, आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय ते दाखवतं.

ढोरवाट_७
होतं, आहे. पण धारेवर रेंज कुठली. उघडलं तर सकाळी माचीवर बघितलेलाच नकाशा, स्वच्छ, एकही ठिपका नाही. खरंतर त्या स्वच्छ नकाशानेच मला खिंडीत धीर दिला असावा.

आयटी_हमाल
हा खिंडीतला मुद्दा भारी आहे. ॲपवाल्यांनी शिळा डेटा लाल अक्षरात दाखवला पाहिजे.

डेन्व्हरकर
इकडे कोलोरॅडोत १४ हजार फुटांवरची शिखरं करताना पहिला धडा हाच, दुपारी बाराच्या आत माथा सोडून खाली झाडीत. उन्हाळ्यात दुपारी विजा ठरलेल्याच. पहाटे तीनला पार्किंग भरलेलं असतं आणि लोक शंभर पावलांवर शिखर असताना परत फिरतात, कोणी हसत नाही. आपल्याकडे परत फिरला की "काय राव, तोरणा राहिला?" विचारतात.

जुना_भिडू
काय राव, तोरणा राहिला?

(सॉरी, राहवलं नाही :) )

आम्ही १९८६ साली हीच रेंज केली होती तेव्हा ना रेलिंग ना ॲप. बुधल्याखालच्या टप्प्यावर दोघांच्या खांद्यावर चढून तिसऱ्याला वर ढकलला होता. तेव्हा भारी वाटलं. आता माझा नातू असलं काही करायला निघाला तर मी त्याचे बूट लपवीन. बाकी युनेस्कोच्या यादीत २०२५ मधे जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे आणि आमचा तोरणा नाही, ही माझी वेगळी तक्रार. त्यावर वेगळा धागा काढतो.

मनस्वी_पुणे
काका काढाच. @ढोरवाट, आता जाणार का परत? आणि बायको सोडणार का?

ढोरवाट_७
अट घातलीय. कॉटन नाही, आणि वेळ सांगताना "चारपर्यंत" असं नाही सांगायचं, "चारला फोन नाही आला तर सहापर्यंत वाट बघ, मग वेल्ह्यातल्या अमक्याला फोन कर" असं पूर्ण सांगायचं. तिचं बरोबर आहे, चार वाजता फोन आला नाही तर तिने नक्की काय करायचं हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सतरा कॉल केले आणि काय करावं ते कळेना म्हणून कपाट आवरलं म्हणे.

रानपाखरू
हे कपाटाचं वाचून बसले जरा. माझी आई भांडी घासते, घासलेलीच.

ढोरवाट_७
वेल्हेकर, एक विचारायचं होतं. आजींनी पैसे घेतले नाहीत, मी शेंगदाण्याची चिक्की आणि उरलेलं ओआरएस ठेवून आलो ते पण बळंच. पाऊस लागायच्या आत एकदा रस्त्याने जाऊन काहीतरी देऊन यावं म्हणतोय. गोडधोड नेऊन उपयोग नाही, काय लागतं त्यांना?

वेल्हेकर
ताडपत्री न्या. मिरगाच्या आधी सगळ्या घरांना छपराला लागते, मागल्या वर्षीची फाटलेली असती. नि खडं मीठ, गुरांनाबी लागतं. न शेरडांचं जंताचं औषध वेल्ह्यात मिळतं, ते मी सांगतो कुठलं.

ढोरवाट_७
रविवारी जातोय मग. सकाळी लवकर, गाडीने खिंडीपर्यंत, आणि बाराच्या आत खाली. कोणाला यायचंय? एक जागा आहे. नऊ बाय बाराची ताडपत्री बघून ठेवलीय.

वेल्हेकर
नऊ बाय बारा पुरायची नाही, बारा बाय अठरा घ्या. न काळी घ्या, निळी एका उन्हाळ्यात जाते. मी येतो, मार्गासनी फाट्याला थांबतो सहाला.